एमयू-एक्सचे पुढचे स्ट्रट डी-मॅक्सला: बोल्ट जुळतात, पण बसवण्याआधी काय मोजायचं?

रानवाट

गाडी इसुझू डी-मॅक्स, डबल कॅब, फोर-बाय-फोर, २०१८ ची. पुढचे दोन्ही शॉकअप गळताहेत. त्याच काळातल्या एमयू-एक्सची (इसुझूचीच एसयूव्ही) पुढची स्ट्रटची जोडी मिळते आहे, म्हणजे शॉकअप, त्यावरची स्प्रिंग आणि वरचं माउंट एकत्र. रॉडवर ओरखडा नाही, सील कोरडी आहेत, खालचे रबर बुश फाटलेले नाहीत. वरचे तीन स्टड आणि खालचा बुश शेजारी ठेवून पाहिले तर नजरेला सारखेच दिसतात.

विचारायचं ते असं:

जोडी जशीच्या तशी बसेल का, आणि "बसली" म्हणजे झालं का? नजरेच्या पलीकडे नेमकं काय मोजून घ्यायचं?

पुढे स्टीलचा बंपर आणि विंच लावायचा विचार आहे, दोन्ही मिळून साधारण ६० किलो. एमयू-एक्सच्या स्प्रिंग हे वजन पेलतील का?

काम घरीच करायचं आहे, लिफ्ट नाही. जॅक, चार स्टँड, टॉर्क रेंच आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे. कुठे सांभाळावं?

---

व्हर्निअर

बोल्ट बसतील. २०१२ च्या सुमारास आलेल्या पिढीची डी-मॅक्स, पहिल्या पिढीची एमयू-एक्स आणि त्याच काळातली शेवरोले-होल्डन कोलोरॅडो यांची पुढची बाजू एकाच घराण्यातली आहे: वर-खाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल चढवलेला शॉकअप. मोठा फरक मागच्या एक्सलला आहे, पिकअपला पाटे आणि एमयू-एक्सला कॉइल. मात्र एकाच घराण्यात उंच आणि बुटक्या अशा दोन्ही चासी असतात, फोर-बाय-फोर आणि फोर-बाय-टू असतात, आणि मधल्या वर्षांत भाग बदललेलेही असतात. म्हणून मॉडेलच्या नावावर विसंबू नका. शॉकअपच्या नळीवरचा पार्ट नंबर वाचा आणि मग व्हर्निअर घ्या.

वरच्या बाजूला तीन स्टडचं एकमेकांपासूनचं अंतर मोजा, तिन्ही जोड्यांचं वेगवेगळं. काही माउंटमध्ये त्रिकोण समभुज नसतो, एक बाजू दोन-तीन मिलिमीटरने वेगळी असते आणि ते डोळ्याला कळत नाही. स्टडची जाडी आणि आट्यांचा पिचही पाहा. खाली बुशच्या आतल्या स्टीलच्या नळीची लांबी आणि आतला व्यास मोजा. नळी ब्रॅकेटच्या आतल्या रुंदीपेक्षा एक मिलिमीटरने जरी आखूड असली तरी बोल्ट आवळताना ब्रॅकेटचे कान आत वाकतात, नळी नीट पकडली जात नाही आणि थोड्याच दिवसांत खालून "टक टक" सुरू होते. बोल्ट १४ चा आणि भोक १६ चं असेल तर पातळ स्लीव्ह घालून भागवू नका. बुश दाबून काढा आणि योग्य मापाचा बसवा.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण विसरतात: वरचे स्टड आणि खालच्या बुशची दिशा यांच्यातला कोन. बुश गाडीच्या लांबीशी कोणत्या कोनात बसतो ते जुन्या जोडीवर रंगाने खूण करून ठेवा. नव्या जोडीत तो १०-१५ अंशांनी फिरलेला असेल तर ताकद लावून बोल्ट जाईल, पण रबर कायम पिळलेलं राहील. सुदैवाने वरचं माउंट स्प्रिंग दाबलेली असताना फिरवून जुळवता येतं.

आता लांबी. निर्णय खरा इथे होतो.

शॉकअपच्या दोन लांब्या घ्या: पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दाबलेली. दोन्ही वरच्या माउंटच्या खालच्या पृष्ठभागापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत. दाबलेली लांबी घेताना स्प्रिंग काढलेली असावी आणि रॉडवरचा रबरी बंप स्टॉप (आपटी झेलणारा ठोकळा) वर सरकवून बाजूला ठेवावा.

दाबलेली लांबी गाडीशी अशी ताडून पाहा. एका बाजूचा स्ट्रट काढा, चासीवरचा बंप स्टॉपही काढा. खालचा आर्म जॅकने हळूहळू वर घ्या आणि बंप स्टॉपच्या जागी त्याच्या उंचीच्या एक तृतीयांश इतकीच फट उरली की थांबा. जोरदार आपटीत रबर साधारण तेवढंच उरेपर्यंत दबतं. आता वरच्या भोकांच्या प्लेटपासून खालच्या ब्रॅकेटच्या बोल्टपर्यंतचं अंतर मोजा. नव्या शॉकअपची दाबलेली लांबी या अंतरापेक्षा किमान १० मिमी कमी हवी. जास्त असेल तर खड्ड्यात चासीचा रबर कामाला लागण्याआधी शॉकअपच आतून आपटतो. पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आदळतो, रॉड वाकतो किंवा वरचं माउंट फाटतं. मग दोष शॉकअपच्या दर्जाला दिला जातो, आणि चूक असते लांबीची.

ताणलेल्या लांबीचा हिशेब उलटा. या पद्धतीच्या गाड्यांत चाक खाली लोंबकळताना बहुतेक वेळा शॉकअपच त्याला अडवतो. तो मूळ लांबीपेक्षा १० मिमीने लांब असेल तर चाक सुमारे १८ मिमी जास्त खाली जातं, कारण शॉकअप आर्मच्या मधोमध टेकलेला असतो आणि चाक टोकाला. त्या जादा १८ मिमीत चार गोष्टी अडू शकतात: वरचा आर्म स्प्रिंगच्या घराला घासणं, वरच्या बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाकाचा आधार जोडणाऱ्या गोल सांध्याचा) कोन संपणं, सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन संपणं आणि ब्रेकचा होज ताणला जाणं.

सगळ्यात भरवशाची चाचणी म्हणजे स्प्रिंगशिवाय नुसता शॉकअप आणि माउंट गाडीला लावणं. गाडी चासीवर, स्टँडवर. जॅकने चाक वरपासून खालपर्यंत न्या, आणि दोन्ही टोकांना स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवून पाहा. पाऊण तास जातो, पण काय कुठे अडतं ते सगळं डोळ्यासमोर येतं.

---

लोअरआर्म

व्हर्निअर यांनी लांबीचं नीट सांगितलं आहे. मी वजनाचं बोलतो, कारण ६० किलोचा बंपर म्हणजे पुढच्या एक्सलवर ६० किलो नव्हे.

डी-मॅक्स डबल कॅबचा व्हीलबेस ३०९५ मिमी. बंपर आणि विंचचा गुरुत्वमध्य पुढच्या एक्सलच्या ९०० मिमी पुढे आहे असं धरा. मग पुढच्या एक्सलवर वाढणारा भार ६० × (३०९५ + ९००) ÷ ३०९५, म्हणजे सुमारे ७७ किलो. मागचा एक्सल १७ किलोने हलका होतो. पुढच्या प्रत्येक चाकावर ३९ किलो आले.

यातून गाडी किती बसेल ते स्प्रिंगच्या रेटवर (ती एक मिमी दाबायला लागणारा जोर) आणि मोशन रेशोवर ठरतं. मोशन रेशो म्हणजे चाक जितकं हलतं त्याच्या तुलनेत शॉकअप किती हलतो ते प्रमाण. वरची नुसत्या शॉकअपची चाचणी करत असाल तर ते लगेच काढता येतं: चाक नेहमीच्या उंचीच्या आसपास ४० मिमी वर घ्या आणि शॉकअप किती आखडला ते मोजा. २२ मिमी आखडला तर रेशो ०.५५. चाकाशी जाणवणारा रेट म्हणजे स्प्रिंगचा रेट गुणिले रेशोचा वर्ग. उदाहरणापुरती स्प्रिंग १०० न्यूटन प्रति मिमीची धरली तर चाकाशी फक्त ३० उरतात. ३९ किलो म्हणजे सुमारे ३८० न्यूटन, म्हणून नाक १२ ते १३ मिमी खाली येईल.

हे बसणं फार नाही. उंची स्पेसरने परत आणता येईल. पण जुन्या, थकलेल्या स्प्रिंग आधीच १०-१५ मिमी बसलेल्या असतील तर त्यात ही भर पडून बंप स्टॉपपर्यंतची जागा बरीच कमी होते. म्हणून आत्ताच, काहीही सोडण्याआधी, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत सरळ वर अंतर मोजून लिहून ठेवा. चारही चाकांचं, सपाट जागेवर, टाकी आणि टायरची हवा नेहमीसारखी ठेवून. हा आकडा नसेल तर नंतर "गाडी उंच झाली का खाली बसली" यावर नुसता वाद होतो.

एमयू-एक्सच्या शॉकअपचं व्हॉल्व्हिंग (आतलं तेल किती अडवायचं ती रचना) त्या गाडीच्या वजनासाठी आणि तिच्या स्प्रिंगसाठी लावलेलं असणार. पुढे जड स्प्रिंग घातल्या तर रीबाउंड (शॉकअप ताणला जाताना होणारा विरोध) कमी पडेल, नाक उसळल्यावर एका दमात थांबणार नाही. लागणारं डॅम्पिंग स्प्रिंगच्या रेटच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं: रेट २० टक्क्यांनी वाढवला तर डॅम्पिंग सुमारे १० टक्क्यांनी वाढायला हवं. इतका फरक धडधाकट शॉकअप सोसतो. रेट ५० टक्क्यांनी वाढवायचा असेल तर मूळ शॉकअप ठेवून भागणार नाही, मग वापरलेली जोडी घ्यायचीच नाही.

---

पाना१७

घरी करण्याबद्दल. काम अवघड नाही, पण क्रम चुकला तर महागडा भाग जातो किंवा हात जातो.

आदल्या रात्री खालच्या बोल्टवर, वरच्या तीन नटांवर आणि लिंक रॉडच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मागच्या चाकांना ओंडके लावा. गाडीचं पुढचं अंग उचलून दोन्ही स्टँड चासीच्या रेलखाली द्या, आर्मखाली नको. दोन्ही पुढची चाकं एकदमच काढा. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंचे आर्म लिंक रॉडने जोडणारा दांडा) त्या बाजूचा आर्म वर ओढून धरतो, आणि लिंक रॉड सुटताना आर्म झटका देतो. लिंक रॉड दोन्ही बाजूंचे सोडा.

एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज ज्या क्लिपने नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) किंवा आर्मला धरलेले आहेत त्या क्लिपा आधी सोडवा. ताणली गेली तर एबीएसची वायर बाहेरून शाबूत दिसते आणि आत तुटलेली असते. नंतर दिवा लागला की कारण शोधण्यात दिवस जातो.

खालच्या आर्मला जॅकचा हलका टेकू द्या. वरच्या बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढू नका, चार-पाच आटे राहू द्या, आणि स्क्रूच्या सेपरेटरने टेपर (निमुळता, घट्ट बसलेला जोड) फोडा. दोन दातांची पहार मध्ये ठोकली तर बुटाचं रबर फाटतं आणि चांगला बॉल जॉइंट बदलावा लागतो. टेपर सुटला की नट काढा, पण त्याआधी नकल दोरीने वरच्या आर्मला किंवा चासीला बांधून ठेवा. ही दोरी विसरू नका. नकल बाहेरच्या बाजूला कलला तर सीव्ही शाफ्ट आतल्या जॉइंटमधून ओढला जातो, आतले रोलर जागा सोडतात आणि मग पूर्ण शाफ्ट उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. शिवाय नकलचं सगळं वजन ब्रेकच्या होजवर येतं.

खालचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलेला असतो. थेट आट्यांवर हातोडा नको. नट बोल्टच्या टोकाशी सपाट येईपर्यंत परत लावा आणि पितळी दांड्याने ठोका. शेवटी वरचे तीन नट. मधल्या मोठ्या नटाला गाडीवर असताना हात लावायचा नाही. तो रॉडचा नट आहे, दाबलेल्या स्प्रिंगचा सगळा जोर त्याच्यावर आहे. १०० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग ६० मिमी दाबलेली असली तरी तो जोर सहाशे किलोच्या वर जातो.

तीन नट निघाले की जॅक हळूहळू उतरवा, आर्म खाली दाबा, स्ट्रट तिरका करून बाहेर येतो.

स्प्रिंग बदलायची किंवा माउंट फिरवायचं असेल तरच कॉम्प्रेसर. दोन हुक समोरासमोर, जितके वेटोळे पकडता येतील तितके. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, दर खेपेला दोन-तीन फेरे. स्प्रिंग वरच्या आणि खालच्या दोन्ही बशांमध्ये हाताने हलू लागली की मगच मधला नट. रॉड ॲलन कीने धरा आणि नट पान्याने फिरवा. इथे इम्पॅक्ट गन चालवू नका. रॉड आत गरागरा फिरतो, पिस्टनचा नट ढिला होऊ शकतो आणि सीलची धार खराब होते. रॉडला पक्कड लावणं तर नकोच, एक ओरखडा पडला की सील थोड्याच दिवसांत गळतं. दाबलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोर चेहरा किंवा छाती कधीच येऊ देऊ नका.

बसवताना स्प्रिंगचं टोक खालच्या बशीतल्या पायरीला टेकलेलं हवं, जास्तीत जास्त १० मिमी फट. रबरी गादी जागेवर आहे ना ते पाहा. मधला नट नवा घ्या.

आणि आता यातली सगळ्यात जास्त होणारी चूक. खालचा बोल्ट आणि रबर बुशचे इतर कोणतेही बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. असा बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेला असतो, तो पिळला जातो, घसरत नाही. लोंबकळत्या स्थितीत आवळला की गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेला राहतो, उंची खोटी जास्त दिसते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. बोल्ट हाताने भिडवा, चाकं लावा, गाडी जमिनीवर आणा, पुढचं अंग दोन-चारदा दाबून हलवा आणि मग खाली शिरून टॉर्क द्या. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच. बॉल जॉइंटला नवी कॉटर पिन. भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवायचं, मागे ढिला करून नाही.

---

रानवाट

तिघांचेही मनापासून आभार, फेंडरची मापं आजच लिहून ठेवतो. नळीवरचे नंबर वेगळे निघाले. शिवाय एमयू-एक्सच्या स्प्रिंगची तार माझ्या स्प्रिंगपेक्षा किंचित बारीक वाटते. एमयू-एक्सचे शॉकअप ठेवून त्यांवर माझ्याच स्प्रिंग चढवल्या तर? आणि बंपर आल्यावर उंचीसाठी वर स्पेसर घालावा की स्प्रिंगखाली?

---

व्हर्निअर

"किंचित" किती ते व्हर्निअरने मोजा, रंग खरवडून. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घातात होतो. बाकी सगळं सारखं असताना तार १५ ऐवजी १४.५ मिमीची असली तर स्प्रिंग जवळपास १३ टक्क्यांनी मऊ होते. वेटोळ्यांचा व्यास आणि मोकळी वेटोळी किती तेही पाहा. व्यास वाढला तर स्प्रिंग घनाच्या प्रमाणात मऊ होते, मोकळी वेटोळी वाढली तर सरळ प्रमाणात. मोकळ्या लांबीवरून कडकपणा कळत नाही. लांब स्प्रिंग मऊ असू शकते आणि आखूड कडक.

तुमच्या स्प्रिंग एमयू-एक्सच्या शॉकअपवर चढवता येतील, पण दोन गोष्टी जुळल्या तरच. खालच्या बशीचा व्यास आणि पायरीचा आकार सारखा हवा. आणि खालच्या बोल्टच्या मध्यापासून बशीपर्यंतची उंची सारखी हवी. बशी १० मिमी वर असेल तर गाडी १८ मिमी उंच होईल, खाली असेल तर तितकी बसेल. बशीची उंची डाव्या-उजव्या शॉकअपची वेगवेगळी मोजा. काही गाड्यांत दोन बाजूंच्या स्प्रिंग मुद्दाम थोड्या वेगळ्या असतात, कारण चालक, टाकी आणि बॅटरी यांचं वजन मध्यावर नसतं. त्यामुळे स्प्रिंगवरची रंगाची खूण पाहून डावी-उजवी अदलाबदल होऊ देऊ नका.

स्पेसरचं असं आहे. दोन्ही ठिकाणी १० मिमीचा स्पेसर गाडी सारखीच उचलतो, सुमारे १८ मिमी. पण त्यांचे परिणाम वेगळे.

वरच्या माउंटवर घातलेला स्पेसर पूर्ण स्ट्रट लांब करतो. चाक १८ मिमी जास्त लोंबकळतं आणि आपटीत शॉकअप १८ मिमी आधी तळाला लागतो. मी आधी सांगितलेली १० मिमीची राखीव जागा त्यात संपून जाते. म्हणून वर स्पेसर घालायचा तर ती दाबलेल्या लांबीची चाचणी स्पेसरसकट पुन्हा करायची.

स्प्रिंगच्या बशीत घातलेला स्पेसर शॉकअपची लांबी बदलत नाही. मर्यादा मूळच्याच राहतात. फक्त उभ्या गाडीत शॉकअप जास्त ताणलेल्या स्थितीत असतो, म्हणून खाली लोंबकळण्याची जागा कमी होते. फार घातला तर स्पीड ब्रेकरवरून उतरताना शॉकअप वरच्या टोकाला "ठक्" करून आपटतो. यातून स्प्रिंग कडक होते असा समज आहे, तो चुकीचा आहे. सरळ रेटची स्प्रिंग जास्त दाबून बसवली तरी तिचा रेट तोच राहतो.

तुमच्या ६० किलोसाठी मी बशीतला ७-८ मिमीचा स्पेसर सुचवेन, त्याहून जास्त नाही. एक मोजणी मात्र आधी करा: सगळी वेटोळी एकमेकांना चिकटल्यावरची उंची, म्हणजे तारेची जाडी गुणिले एकूण वेटोळी. १५ मिमीची तार आणि साडेआठ वेटोळी म्हणजे सुमारे १२८ मिमी. शॉकअप पूर्ण दाबलेला असताना दोन बशांमधलं अंतर वजा स्पेसरची जाडी यापेक्षा निदान ८-१० मिमी जास्त राहिलं पाहिजे, नाहीतर स्प्रिंगच दगड होते.

---

कॅम्बर

इतर गाड्यांचे वाचकही हा धागा पाहतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी, कारण "एकाच कंपनीचं, एकाच नावाचं" या विश्वासावर बरेच जण फसतात.

माझदा बीटी-५० हे त्याचं ठळक उदाहरण. २०११ ते २०२० ची बीटी-५० ही फोर्ड रेंजरची जुळी बहीण, २०२० नंतरची इसुझू डी-मॅक्सची. नाव तेच, पण पुढच्या स्ट्रटचं घराणंच बदललं. जुन्या बीटी-५० साठी रेंजरचे भाग शोधायचे, नव्यासाठी २०२० नंतरच्या डी-मॅक्सचे. रेंजरमध्येही २०१८ च्या बदलानंतरच्या गाडीसाठी स्ट्रट वेगळे लिस्ट केलेले असतात, तेव्हा वर्ष आणि चासी नंबर दोन्ही पाहून घ्या. २०२३ ची फोक्सवॅगन अमारोक नव्या रेंजरच्या चासीवर आहे, त्याआधीची अमारोक पूर्ण वेगळी.

टोयोटात २००५ ते २०२३ च्या सहा बोल्टच्या चाकांच्या टाकोमाला पुढचे कॉइलओव्हर (कॉइल चढवलेले शॉकअप) बहुतेक वेळा एकाच यादीत येतात. पाच बोल्टवाल्या टाकोमाचे वेगळे. हायलक्स आणि फॉर्च्युनर २०१५ नंतर एकाच चासीच्या घराण्यातल्या आहेत, तिथेही प्रश्न स्प्रिंग आणि व्हॉल्व्हिंगचाच येतो.

निसान फ्रंटियरवर टायटनचे भाग बसवतात तो प्रकार मात्र स्ट्रटची अदलाबदल समजू नये. तिथे टायटनचे वरचे-खालचे आर्म, सीव्ही शाफ्ट आणि टाय रॉड असा सगळा संच जातो, चाकं दर बाजूला सुमारे अडीच इंच बाहेर येतात. आर्म लांब झाला की मोशन रेशो बदलतो. त्यामुळे मूळ स्प्रिंग ठेवली तर गाडी बसते. असल्या बदलात नुसता स्ट्रट नेऊन काही साधत नाही.

आणि फोर्ड मॅव्हरिक, होंडा रिजलाइन यांसारख्या पिकअपला वरचा आर्मच नाही, खरा मॅकफर्सन स्ट्रट आहे. तिथे स्ट्रट नकलला थेट घट्ट धरतो आणि चाकाचा कल (कॅम्बर) तोच ठरवतो. जोडाची जागा किंचित इकडे-तिकडे असली तरी कॅम्बर हलतो. म्हणून वर सांगितलेला लांबीचा हिशेब तिथे पुरत नाही, जोडाचा कोनही मोजावा लागतो.

टॉर्शन बारच्या (कॉइलऐवजी पिळणारी सळई असलेल्या) जुन्या गाड्यांना, म्हणजे २००५ आधीची फोर-बाय-फोर हायलक्स किंवा पहिली डी-मॅक्स, यातलं काहीच लागू नाही. त्यांच्या वरच्या माउंटची जागा स्प्रिंगचा भार घेण्यासाठी बनवलेलीच नसते. तिथे कॉइल चढवायला जाऊ नका.

---

लोअरआर्म

बसवून झाल्यावरचं राहिलं आहे.

पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर फेंडरची मापं पुन्हा घ्या. डाव्या-उजव्यात ६-७ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी स्प्रिंगचं टोक बशीच्या पायरीवर चढलं आहे का ते बघा, बहुतेक वेळा तेच असतं. उंची बदलली की टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) नक्की बदलतो, कॅम्बर आणि कॅस्टरही (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) हलतात. म्हणून व्हील अलाइनमेंट चुकवू नका. गाडी बसल्यावर आठवड्याभराने केलेली जास्त टिकते, पण टो डोळ्याला दिसण्याइतका बिघडलेला असेल तर थांबू नका, दोनच दिवसांत टायरच्या कडा खाल्ल्या जातात. अलाइनमेंटवाल्याला कॅस्टर दोन्ही बाजूंचा छापून द्यायला सांगा. तो कमी झाला की सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल वाटतं आणि वळणानंतर आपणहून मध्यावर येत नाही. स्टिअरिंग मध्यावर आणल्यावर ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा राहिला तर कोन सांगणारा सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो. हेडलाइटचा झोतही खाली करून घ्या, २० मिमी नाक उचललं तरी समोरच्याच्या डोळ्यात जातो.

आवाजांवरून दोष ओळखता येतो. छोट्या खड्ड्यांत वरून कोरडा "टक" आला तर मधला नट किंवा वरचं माउंट. हात माउंटवर ठेवा, दुसऱ्याला स्टिअरिंग हलवायला सांगा, ढिलेपणा बोटांना जाणवतो. स्पीड ब्रेकरवरून उतरताना जोरात "ठक्" आला तर शॉकअप वरच्या टोकाला आपटतो आहे, स्पेसर कमी करा. पूर्ण वळवल्यावर, गिअरमध्ये, "कट कट" आला तर सीव्हीचा कोन संपतो आहे. खालून धातूचा आवाज फक्त ब्रेक मारताना आला तर खालचा बोल्ट, तो गाडी जमिनीवर असतानाच पुन्हा टॉर्क करा.

पाचशे किलोमीटरवर वरचे तीन नट, खालचा बोल्ट आणि लिंक रॉड टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. त्यात एखादा नट अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरला तर नुसता आवळून सोडू नका. तो काढा, आटे पाहा आणि बसण्याच्या जागी रंग किंवा गंजाचा थर राहिला होता का ते तपासा.

आणि बंपर-विंच चढवल्यावर वरचं सगळं एकदा परत: मापं, अलाइनमेंट, हेडलाइट. अलाइनमेंटचे पैसे दोनदा जाऊ नयेत असं वाटत असेल तर बंपर आधी चढवा आणि स्ट्रट नंतर.